नाशकात रूमवर, हॉस्टेलवर राहिलेल्यांनो, लिहा (अनुभव धागा)

बहिणीची मुलगी कळवणहून नाशकात शिकायला येतेय. गेले दोन रविवार आम्ही दोघी कॉलेज रोड, थत्तेनगर, गंगापूर रोड करत रूम बघत फिरतोय. भाडं, पाणी, मेस किती लांब, सगळं विचारून झालं आणि एका घरी मालक अगदी सहज म्हणाले, ताई काळजी करू नका, पोरींच्या खोल्यांची एक किल्ली आमच्याकडे असतेच. त्यांनी ते चांगल्या मनानेच सांगितलं असेल, पण माझ्या पोटात गोळा आला.

मी २००८ ला निफाडहून आले होते. गच्चीवरची खोली, कॉट बेसिसवर आम्ही तिघी. खाली मालक राहायचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका टाकी बघायला वर यायचे ते नेमके आमच्या अंघोळीच्या वेळेला. आधी जिन्यात खाकरायचे, मग ते पण बंद झालं. एकदा मला ताप आला म्हणून मी लेक्चर सोडून दुपारीच परत आले तर काका आमच्या खोलीत, दोरीवरच्या कपड्यांपाशी उभे. म्हणाले बल्ब बघायला आलो होतो. बल्ब सकाळपर्यंत चांगला चालत होता. त्या दिवसापासून मी खोलीत बसून सुद्धा दाराकडे बघत राहायचे. महिना भरायच्या आत रूम सोडली, डिपॉझिट बुडालं, घरी सांगितलं तिथे पाणी येत नाही.

आईला खरं कारण सांगायला बारा वर्षं गेली. ती म्हणाली तेव्हाच का नाही बोललीस. बोलले असते तर दुसऱ्या दिवशी वडील एसटीने न्यायला आले असते आणि माझं टीवाय, म्हणजे पदवीचं तिसरं वर्ष, तिथेच संपलं असतं, हे तिलाही माहितीये. बाहेरगावच्या मुली गप्प बसतात त्यात भीतीपेक्षा हा हिशोब जास्त असतो असं मला वाटतं. बोललं की रूम जाते, रूम गेली की शिक्षण जातं.

म्हणून हा धागा. कॉलेजचं, घरमालकाचं, कुणाचंच नाव लिहू नका, पण काय झालं आणि तेव्हा काय हाताशी असायला हवं होतं ते लिहा. मुलांनीही लिहा.

सुरगाण्याची:
माझ्या पाड्यावरून नाशकात कॉलेजला आलेली मी दुसरीच मुलगी. हॉस्टेलला नंबर लागला तेव्हा बाबांनी कर्ज काढून पेटी आणि गादी घेऊन दिली. तिथे गेटपास देणारा एक माणूस होता, रजिस्टरवर सही करताना पेन द्यायचा आणि पेनाबरोबर बोटं धरून ठेवायचा. फोन नंबर रजिस्टरमध्ये असायचाच. रात्री मेसेज यायचा, झोपलीस का. मी उत्तर दिलं नाही तर पुढच्या वेळी माझा गेटपास साहेबांच्या सहीसाठी अडकायचा. त्या वर्षी होळीला मी घरी जाऊ शकले नाही. आमच्याकडे होळी म्हणजे काय असते हे आमच्या भागातल्यांना सांगायला नको, दिवाळीला नाही आलं तर चालतं पण होळीला सगळं गाव विचारतं. आईला सांगितलं परीक्षा आहे.

मग एकदा मेसमध्ये रांगेत एका मुलीचा फोन वाजला आणि स्क्रीनवर तेच, झोपलीस का. मी तिला म्हटलं हा नंबर मला पाठ आहे. असं करत करत पाच जणी निघाल्या, पाचहीजणींना तेच दोन शब्द. आम्ही एकत्र अर्ज लिहिला, वहीची दोन पानं. बोलावून घेतलं आणि पहिलाच प्रश्न, घरी कळवू का? तुम्हाला वाटेल यात काय, पण आमच्यातल्या तिघींसाठी त्याचा अर्थ सरळ लग्न असा होता. तिघींनी सह्या मागे घेतल्या. मला त्यांचा राग नाही आला, अजून नाही. आम्ही दोघी राहिलो, आणि मेसमध्ये भाकरी करणाऱ्या मावशी स्वतःहून म्हणाल्या की मी बघितलंय त्याला हात धरताना, मी सांगते. त्यांची नोकरी कंत्राटी होती, त्या तरी बोलल्या.

त्याची बदली झाली. शिक्षा नाही, बदली. जिथे पाठवला तिथे पण मुलींचंच हॉस्टेल आहे का हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही. आणि आमच्या सुरक्षेसाठी म्हणून मुलींची गेटची वेळ सातवरून सहा झाली, त्यामुळे लायब्ररी बंद. मुलांच्या हॉस्टेलची वेळ तीच राहिली.

समितीवर काम केलेली (निवृत्त प्राध्यापिका):
सुरगाण्याची, तुमचं वाचून पहिलं हेच सांगते की ती गेटची वेळ कमी करणं नियमात बसत नाही. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१५ चे नियम आहेत, उच्च शिक्षण संस्थांमधल्या लैंगिक छळाबद्दलचे, त्यात स्पष्ट लिहिलंय की सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे जाचक नियम लावता येत नाहीत. हॉस्टेल हे कॅम्पसमध्येच धरलेलं आहे. अशा तक्रारी ऐकणारी कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती असते; तक्रार विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर त्या समितीत तीन विद्यार्थी प्रतिनिधी लागतात, अध्यक्ष महिला, निम्म्यापेक्षा कमी महिला चालत नाहीत, बाहेरची एक व्यक्ती लागते, आणि विभागप्रमुख, डीन यांच्यासारख्या पदावरच्यांना समितीत बसता येत नाही.

हे सगळं मला आज पाठ आहे. मी पहिल्यांदा समितीवर बसले तेव्हा यातलं काही धड वाचलेलं नव्हतं. एक मुलगी आली होती, तिच्या गाईडबद्दल. मी तिला विचारलं, तू संध्याकाळी केबिनमध्ये एकटी का गेलीस. मला वाटलं मी माहिती घेतेय. तिचा चेहरा बंद झाला तो बंदच झाला. नंतर आम्हीच सुचवलं की सर माफी मागतील, मिटवून टाक. समेट फक्त तक्रारदाराने स्वतः मागितला तरच करता येतो, समितीने पुढे करायचा नसतो, आणि पैसे देऊन तर नाहीच. तिने तक्रार मागे घेतली आणि पुढच्या सत्राला ती दिसली नाही. तिला शोधून माफी मागावी असं फार वाटतं, पण आता तिच्या आयुष्यात परत जाण्याचा मला हक्क आहे का तेही कळत नाही.

एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, मुदत. घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार. वारंवार होत असेल तर शेवटच्या घटनेपासून ३ महिने. योग्य कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. तोवर तुमचे पेपर त्या माणसाकडून तपासून घेऊ नका अशी मागणी करता येते.

खासगी रूमचा मालक असेल तर कॉलेजची समिती काही करू शकत नाही, तिथे पोलीस. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ कलम ७५, चोरून बघणं किंवा शूट करणं ७७, पाठलाग ७८. कुठल्याही पोलीस ठाण्यात गेलात तरी हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावा लागतो, आणि या कलमांखाली मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायचा असतो.

सातपूरकर:
मोठं काही नाही. कॅनडा कॉर्नरपासून बाईकवर मागे मागे यायचा एक जण, सलग आठ दिवस. मैत्रिणीने गाडीचा नंबर लिहून घेतला आणि ११२ ला फोन केला, पोलीस आले. इतके दिवस मी फक्त रस्ते बदलत होते.

धुळ्याचा:
मुलांनीही लिहा म्हणालात म्हणून लिहितोय. पंचवटीत चौघांनी मिळून रूम केली होती, त्यातला एक सिनियर, अ‍ॅग्रीमेंट त्याच्या नावावर, आम्ही तिघं नुसते पैसे देणारे. बाकीचे दोघं शनिवारी गावाला जायचे. मी शनिवारी झोपायचोच नाही, किंवा मे महिन्यात सुद्धा दोन चादरी गुंडाळून भिंतीकडे तोंड करून पडायचो. तरी व्हायचं ते व्हायचंच. एका मित्राला सांगितलं तर तो हसला राव, म्हणे तू काय पोरगी आहेस का. मग अभ्यासिकेत रात्र काढायला लागलो, तिथे टेबलावर डोकं ठेवून झोपायचो, घरच्यांना वाटायचं पोरगा एमपीएससीचा जोरात अभ्यास करतोय. दोन विषय राहिले. रूम सोडता येत नव्हती कारण माझे तीन महिन्यांचे पैसे त्याच्याकडे आणि कागदावर माझं नाव कुठेच नाही. आज लग्नाला सहा वर्षं झाली, बायकोला माहीत नाही.

समितीवर काम केलेली:
धुळ्याचे दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. यूजीसीच्या त्याच नियमांत पुरुष विद्यार्थी आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांवरही असा छळ होतो हे मान्य केलंय. तो सिनियर तुमच्याच कॉलेजचा असता तर तक्रार घ्यावी लागली असती.

आणि अ‍ॅग्रीमेंटबद्दल, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्यात करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. वाद झाल्यावर लाईट-पाणी तोडणंही मालकाला चालत नाही. चौघं राहणार तर चौघांची नावं कागदावर घाला.

इंदिरानगरच्या मावशी:
मी पोरी ठेवते, अकरा वर्षं झाली. आधी मी पण तशीच होते, गॅलरीत उभी राहू नका, फोनवर हळू बोला, ओढणी घ्या. मग माझ्या पुतण्याला मीच जिन्यात पकडलं, बाथरूमच्या झरोक्याला मोबाईल लावून. घरातला पोरगा. दिरांनी पाय धरले, म्हणे पोराचं आयुष्य जाईल. मी दोन रात्री जागी होते. तिसऱ्या दिवशी त्या पोरीबरोबर मीच ठाण्यात गेले. दीर आजही बोलत नाहीत, दिवाळीला ताट वाढून ठेवते, कोणी येत नाही.

आता माझ्याकडे आतून कडी आहे, झरोक्याला जाड काच आहे, नवीन पोर आली की कुलूप नवीन आणि किल्ल्या तिच्याच हातात. आग लागली तर काय म्हणून विचारतात लोक. तर एक किल्ली पाकिटात घालून, वर पोरीची सही, समोरच्या बाईंकडे ठेवते. पाकीट फुटलं की कळतं.

(नाव नको):
मी आत्ता यातच आहे. प्रोजेक्टचे सर. इंटर्नलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत आणि मी राहते ती रूम पण त्यांच्या नातेवाईकांची, पहिल्या वर्षी त्यांनीच मिळवून दिली होती, तेव्हा घरचे त्यांच्या पाया पडले होते. शेवटचं जे झालं त्याला येत्या गुरुवारी तीन महिने होतात. हा धागा वाचेपर्यंत मला मुदत असते हेच माहीत नव्हतं. तक्रार केली तर त्याच रात्री रूम खाली करायला सांगतील. मेसेज आहेत माझ्याकडे, काही मी घाबरून डिलीट केले.

समितीवर काम केलेली:
बाळा, जे उरलेत त्यांचे स्क्रीनशॉट तारीख दिसेल असे काढ आणि विश्वासाच्या एका माणसाला पाठवून ठेव. आज रात्री लिहायला घे. तारीख, जागा, काय बोलले, काय केलं, कुणी बघितलं. भाषा सुंदर नको. सोमवारी दोन प्रती ने, एकीवर पोच घे, शिक्का आणि तारीख. अंतरिम मागणी त्यातच लिही, की माझं मूल्यमापन दुसऱ्याकडून व्हावं. मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, माझा नंबर त्यात आहे. सोमवारी सोबत येते.

इंदिरानगरच्या मावशी:
माझ्याकडे एक कॉट रिकामी आहे. रविवारीच सामान आण, अर्ज द्यायच्या आधी. डिपॉझिटचं नंतर बघू. पाथर्डी फाट्याला उतर आणि फोन कर, मी रिक्षा घेऊन येते.