निवृत्त जंपिंग घोडीसाठी स्टॅलियन (पैदाशीचा घोडा) सुचवा (फोंडा, गोवा)

शेवंतीची_मालकीण
नमस्कार मंडळी. माझी घोडी शेवंती. थरोब्रेड (शर्यतीची जात), रंग कुमैत, उंची १५.३ हात (घोड्याच्या मापातला हात म्हणजे चार इंच), वय १४. पुण्या-बंगळुरूत शो जंपिंग खेळली. एका स्पर्धेत उडीनंतर डावा पुढचा पाय चुकीचा टेकला, टेंडन फाटला, आणि तिची स्पर्धा तिथेच संपली. आता ती फोंड्याजवळ आमच्या कुळागरात (बागायतीत) असते. चालते-फिरते, लंगडत नाही. तिला एकदाही फळवलेली नाही.

तिचं एक शिंगरू व्हावं अशी फार इच्छा आहे. विकायला नाही, शर्यतीला नाही. घरच्या मुलांनी बसावं, रानातून फिरवावं, जमलं तर छोट्या उड्या घ्याव्यात. मला हवं ते असं: शांत स्वभाव, मजबूत पाय. रंग कोणताही चालेल.

घोड्याची फी, तपासण्या आणि ट्रक धरून ५०,००० रुपये. त्यापुढे जाता येणार नाही. तिच्या पायामुळे फार लांबचा प्रवास नको, बेळगाव-कोल्हापूरपर्यंत ठीक. आणि शिंगरू पावसात जन्माला यायला नको. मारवाडी घोडा पाहू की थरोब्रेड? अनुभवी लोकांनी सांगावं.

पंचकल्याणी_साखळी
ताई, मारवाडी. दुसरा विचारच करू नका. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत जा, तापीच्या काठावर घोडे बघून डोळे निवतील. माझा पांढरा नुकरा तिथलाच. कानाची टोकं एकमेकांना भिडतात, रेवाल चाल अशी की पाठीवर बसून पेलाभर पाणी सांडणार नाही. अंगावरचे भोवरे मात्र जाणकाराकडून तपासून घ्या. देवमण हा शुभ भोवरा असलेला घोडा घराला लाभतो, हे आमच्या आजोबांपासून पाहत आलोय. ५० हजारांत चांगलं काम होणार नाही, दीड लाख धरा.

चंदगडचा_घोडेस्वार
सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात. फोंड्याहून तिथे घोडी नेणार? ताईंनी बेळगाव-कोल्हापूर म्हटलंय, ते वाचा आधी.

माझा अनुभव सांगतो. आमची घोडी एका नावाजलेल्या तबेल्यात नेली होती. घोडा दिसायला राजबिंडा, मालकाच्या भिंतीवर ढाली आणि फोटो. रक्ततपासणीचे कागद मागितले तर ‘आमच्यावर विश्वास नाही का’ म्हणाला. घोडी परत आली ती पू गाळत आली. वर्षभर उपचार केले, पुन्हा गाभण राहिली नाही. म्हणून सांगतो: ग्लँडर्स, सर्रा आणि इक्वाइन इन्फेक्शस अ‍ॅनिमिया हे घोड्यांचे संसर्गजन्य रोग, तिन्हींचे ताजे निगेटिव्ह रिपोर्ट हातात आल्याशिवाय घोडी ट्रकमधून उतरवू नका. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि तो सरकारला कळवावा लागणारा रोग आहे. ज्या मालकाला कागद दाखवायचा राग येतो त्याच्या दारातून परत फिरा.

आणि चोर्ला घाटाने आणायची असेल तर रात्री नको. वळणांवर घोडी पुढच्या पायांवर तोल सावरते, आणि हिचा नेमका पुढचाच पाय दुखावलेला आहे.

वॉर्मब्लड_पर्वरी
जंपिंगची घोडी आहे तर जंपिंगचंच रक्त द्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपला घोडेस्वार फवाद मिर्झा अंतिम फेरीत गेला तो सेन्यॉर मेडिकॉटवर, वॉर्मब्लडवर, म्हणजे युरोपातल्या खेळाच्या जातीच्या घोड्यावर. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या खेळाचं) सांघिक सुवर्ण आपल्याकडे आलं, तेही युरोपात घडलेल्या घोड्यांवर. जर्मनीहून गोठवलेलं वीर्य मागवा. घोडी हलवायलाच नको, पायाचा प्रश्न मिटला. खर्च लाखांच्या घरात जाईल, पण शिंगरू मोठं झाल्यावर वसूल होतो. मी स्वतः दोन वर्षं याचा अभ्यास करतोय.

शेवंतीची_मालकीण
सगळ्यांचे आभार. पण बजेट ५०,००० आहे, शिंगरू विकायचं नाही, त्यामुळे वसुली वगैरे नाही. तपासण्यांबद्दल चंदगडच्या दादांनी सांगितलं ते लिहून ठेवलं.

गुरांचा_डॉक्टर_डिचोली
घोडा कोणता हे नंतर. घोडी गाभण राहण्याजोगी आहे का, हे आधी पाहू.

१४ वर्षांची आणि कधीच न व्यायलेली घोडी हे थोडं अवघड प्रकरण असतं. अशा घोडीच्या गर्भाशयाचं तोंड माजावरही नीट सैल पडत नाही, घोडा दाखवल्यानंतर (लावल्यानंतर) आत पाणी साचतं आणि सूज राहते. त्यामुळे आधी सोनोग्राफी, गर्भाशयातला स्वॅब आणि त्याचं कल्चर. जमलं तर बायोप्सीही, तिच्यावरून गर्भ पूर्ण दिवस टिकण्याची शक्यता किती ते कळतं. स्पर्धेच्या काळात माज दाबायला औषध दिलं होतं का, तेही जुन्या मालकाला विचारा.

दुसरं, टेंडन अपघाताने गेला की पायाच्या ठेवणीमुळे? अपघात असेल तर शिंगराला त्याचा वारसा नाही. पण गुडघा मागे झुकलेला असेल, खुराच्या वरचा सांधा फार उभा किंवा फार लवचीक असेल, तर ती ठेवण पुढे जाऊ शकते. मग घोडा असा शोधा की नेमकी तीच जागा त्याची भक्कम असेल. दोघांत एकच दोष असला तर तो शिंगरात येण्याची शक्यता वाढते. शेवटच्या तीन महिन्यांत घोडीचं वजन बरंच वाढतं, ते त्या पायाला झेपेल का हेही तपासून घ्या.

गोठवलेल्या वीर्याबद्दल: ते उणे १९६ अंशांवर नायट्रोजनमध्ये राहतं, ती सोय गाईंसाठी आपल्याकडे आहेच. पण गाईसारखं सकाळ-संध्याकाळच्या हिशेबाने घोडीत भागत नाही. वितळल्यानंतर ते थोडेच तास टिकतं, म्हणून बीज सुटण्याच्या सुमारास दर सहा तासांनी सोनोग्राफी करावी लागते, रात्री दोन वाजताही. आणि वय झालेल्या घोडीत त्याने सूजही जास्त येते. या घोडीला मी ते सुचवणार नाही. जिवंत घोडा किंवा ताजं वीर्य, एवढंच.

वॉर्मब्लड_पर्वरी
डॉक्टर, जगभर होतं हे. बिकानेरला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपण करून मारवाडी शिंगरू जन्माला घातलं. तंत्रज्ञान पुढे गेलंय, आपणच मागे राहायचं का?

गुरांचा_डॉक्टर_डिचोली
बिकानेरला प्रयोगशाळा आहे, चोवीस तास माणसं आहेत, भ्रूण पोटात वाढवायला दुसऱ्या घोड्या आहेत. फोंड्यात ताई आहेत आणि त्यांची एकच घोडी आहे.

पंचकल्याणी_साखळी
मी अजूनही मारवाडीच म्हणतो. आणि थरोब्रेडचा १६ हातांचा घोडा लावाल तर शिंगरू पोटात मावणार नाही, पहिलटकरीण घोडी अडेल. आमच्या गावात असं झालेलं आहे.

गुरांचा_डॉक्टर_डिचोली
ही भीती सगळीकडे ऐकतो. १९३८ साली इंग्लंडमध्ये अवाढव्य शायर आणि बुटक्या शेटलंड पोनीचे उलटसुलट संकर करून पाहिले होते. शेटलंड घोडीच्या पोटातलं शिंगरू घोडीच्या मापाचंच जन्मलं, बाप शायर असूनही. जन्माच्या वेळचं माप मुख्यतः आईचं गर्भाशय ठरवतं. घोडी अडते ती बहुतेक वेळा शिंगराचा पाय किंवा मान मुडपल्यामुळे. मारवाडी घोडा चांगलाच, मात्र त्याचं कारण हे नव्हे.

शिगमो_सत्तरी
मुळात गोव्यात घोड्यांची पैदास करायचा अट्टाहास कशाला? सोळाव्या शतकात अरबस्तानातून, इराणातून येणारे घोडे गोव्याच्या बंदरात उतरायचे आणि तिथून विजयनगरला जायचे. इथे पैदास जमली असती तर समुद्रापलीकडून आणले असते का? आपल्याकडे घोडा म्हणजे शिगम्यातल्या घोडेमोडणीच्या नाचातला, कमरेला बांधायचा.

पंचकल्याणी_साखळी
बाब, घोडेमोडणी आमच्या डिचोली तालुक्यातही होते, तिचा असा उल्लेख नको. राणे, देसाई यांच्या घराण्यांत घोडे होते. भीमथडीची तट्टं दख्खनच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या जगली, इथे का जगणार नाहीत?

शिगमो_सत्तरी
भीमथडीचा मुलूख कोरडा. इथे चार महिने धो धो पाऊस. खुरांना कुजका वास येतो, पाठीवर खपल्या धरतात. मी अनादराने बोललो नाही, दरवर्षी मी स्वतः त्या नाचात असतो.

चंदीवाला_वाळपई
घोडा कोणताही लावा, गाभण घोडी खाणार काय ते कोणीच बोललं नाही. आमच्याकडे लोक घोड्याला भाताचं तण (पेंढा) आणि बांधावरचं नेपियर गवत घालतात. तणात कस नाही. नेपियरमध्ये ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. नुसत्या त्याच्यावर ठेवलेल्या घोडीची नाकाची हाडं फुगलेली मी हाताने चाचपली आहेत, दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या खाली, दगडासारखी. घाटावरून वाळलेला लसूणघास आणा, ओट द्या, खनिज मिश्रण द्या. नुसत्या कोंड्यावर भागवू नका, कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. शेवटच्या तीन महिन्यांत चंदी वाढवायची, पण हळूहळू. चाऱ्याचा खर्च ५० हजारांत धरलाय का?

शेवंतीची_मालकीण
नाही, चारा वेगळा. लसूणघास बेळगावहून येतो. नेपियर मात्र घालत होतो, आजपासून बंद. देव बरें करूं.

अकलूजकर
सगळा धागा वाचला नाही. मारवाडी घ्या. दिवाळीत अकलूजच्या बाजारात या, मी घोडा दाखवतो. बजेट सांगा.

मांडवीकाठ
वेगळं बोलते, राग मानू नका. शिंगरू कशाला? रेसकोर्सवरून दरवर्षी चार-पाच वर्षांचे धडधाकट घोडे निवृत्त होतात. त्यांना घर मिळत नाही. मी असाच एक घेतला. पहिले काही महिने माळावर मोकळा पाहिला की पळतच सुटायचा, आता माझ्या सासूबाईंच्या हातून केळ्याची साल खातो. अकरा महिने गर्भ, मग तीन-चार वर्षं वाढ, मग शिकवणं. तोवर तुमची मुलं कॉलेजात जातील. घोडीचा जीव धोक्यात घालण्यापेक्षा हा मार्ग बघा ना.

चंदगडचा_घोडेस्वार
मांडवीकाठ ताईंचं म्हणणं पटतं. आणि थरोब्रेडच लावायचा असेल तर लक्षात ठेवा, पुण्याच्या स्टड बुकात (थरोब्रेडच्या वंशावळीच्या नोंदवहीत) नोंद हवी असेल तर नैसर्गिक रेतनच लागतं, कृत्रिम रेतनाचं शिंगरू नोंदत नाहीत. संकर केला तर कुठल्याच वंशावळीत नोंद नाही. पुढे शिंगराला कागद नसतील.

शेवंतीची_मालकीण
मंडळी, उशिरा लिहिते आहे. बरंच झालं मध्यंतरी.

तपासणी झाली. स्वॅब स्वच्छ आला. सोनोग्राफीत थोडं पाणी दिसलं. घोडा दाखवल्यानंतर दुसऱ्या दिवशी गर्भाशय धुवायचं आणि ऑक्सिटोसिन द्यायचं असं ठरलंय. पायाची ठेवण चांगली आहे, इजा अपघाताचीच.

घोडा ठरवला. तुम्ही कोणीच सुचवला नव्हता तसा: बेळगावकडच्या खानापूरजवळचा अर्धा मारवाडी, अर्धा थरोब्रेड, १५ हातांचा, मळकट बदामी रंग, कपाळावर काही नाही, देवमण नाही, ढाली नाहीत. कागदही अर्धेच.

का, ते सांगते. आम्ही न कळवता गेलो. मालकाची मुलगी, दहाएक वर्षांची, त्याचा खरारा करत होती. मागचा पाय उचलायला तिने नुसती बोटं लावली, त्याने पाय दिला आणि तिच्या मांडीवर भार न टाकता धरून ठेवला. बाजूलाच एक घोडी माजावर होती. तो ओरडला, पण मुलीच्या अंगावर गेला नाही. मग त्याची शिंगरं पाहिली, तीन वेगवेगळ्या आयांची. तिघांचेही पुढचे पाय सरळ, गुडघ्याखालचं हाड रुंद, आणि तिन्ही आपणहून माणसाजवळ आली. तीन वेगळ्या आया आणि स्वभाव एकच, म्हणजे तो बापाकडून आला असणार. मला यापेक्षा मोठा दाखला नको. तिन्ही रोगांचे रिपोर्ट मालकाने मी मागायच्या आधी पुढे केले. सगळं मिळून बजेटमध्ये बसतंय.

मांडवीकाठ ताई, तुमचं म्हणणं रात्रभर मनात होतं. पण मला घोडा हवा आहे म्हणून हे करत नाहीये. मला शेवंतीचं शिंगरू हवं आहे. तिच्यासारखी हिंमत मी दुसऱ्या जनावरात पाहिली नाही.

पंचकल्याणी_साखळी
बदामी, आणि देवमण नाही! ताई, मन खट्टू झालं. तरी शिंगराला माझा आशीर्वाद. निदान पंचकल्याणी निघो, चारी पाय आणि कपाळ पांढरं.

वॉर्मब्लड_पर्वरी
संधी घालवलीत. अशी आई परत मिळत नाही, तिला असा बाप द्यायचा?

चंदगडचा_घोडेस्वार
शिंगरं पाहून घोडा निवडला, हे उत्तम केलंत. खानापूर जवळही आहे. ट्रकमध्ये खाली वाळू आणि वर जाड पेंढा टाका, तोंड पुढे करून बांधा, दोरी थोडी सैल ठेवा.

गुरांचा_डॉक्टर_डिचोली
छान. आता वेळापत्रक. थंडीत घोड्यांचा माज बेभरवशाचा असतो. डिसेंबर लागताच तबेल्यात दिवा लावा, अंधार पडायच्या आत सुरू करून रात्री ११ पर्यंत, म्हणजे दिवसाचा उजेड धरून १६ तास होतील. प्रकाश इतका हवा की गव्हाणीपाशी वर्तमानपत्र वाचता यावं. एकही संध्याकाळ चुकवू नका. दोनेक महिन्यांनी माज नियमित होईल. १५ फेब्रुवारीच्या सुमारास गाभण राहिली तर ३४० दिवसांनी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात व्यायेल. कोरडी हवा, गोमाश्या कमी.

घोडा दाखवल्यावर १४ ते १६ दिवसांत सोनोग्राफी हवीच. जुळी असतील तर तेव्हाच एक काढता येतं, नंतर अवघड. घोडीत जुळी बहुधा दोन्ही जातात. विण्याआधी महिना-सव्वा महिना धनुर्वाताची लस. शिंगरू तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायलं पाहिजे, तीन तासांत वार पडली पाहिजे. यातलं काहीही लांबलं तर सकाळची वाट न बघता फोन करा.

चंदीवाला_वाळपई
दिवा कोणता लावणार? आमच्या तबेल्यात ट्यूबलाइटच्या चोकमध्ये उंदरांनी घर केलं होतं.

शेवंतीची_मालकीण
एलईडी, जाळीच्या आत, तिच्या तोंडाच्या बरंच वर. वीजवाला मंगळवारी येतोय. टायमरही बसवून घेते, म्हणजे आम्ही कुठे कार्याला गेलो तरी संध्याकाळ चुकणार नाही.