मदत हवी आहे: "आई, तू शाळेत मराठी बोलू नकोस"

आम्ही कोल्हापुरात राहतो. बायको पोलंडची, लग्नाला नऊ वर्षं झाली, लेक दुसरीत आहे. तिचं इथं राहण्यासाठीचं ओसीआय कार्ड वगैरे कधीच झालंय, त्यामुळे कागदपत्रांचे सल्ले नकोत. अडचण वेगळीच आहे.

हिला मराठी येतं. मंडईत घासाघीस करते, माझ्या आईशी भांडतेसुद्धा मराठीतच. पोलिशमध्येही तीन लिंगं आणि सात विभक्त्या असतात, म्हणून व्याकरणाला ती कधी घाबरली नाही. पण तिकडे पुस्तक स्त्रीलिंगी आणि खुर्ची नपुंसकलिंगी. त्यामुळे 'ती पुस्तक', 'ते खुर्ची' अजून होतंच. घरात आता कुणाच्या ध्यानातही येत नाही.

गेल्या महिन्यात पालकसभेत तिनं उभं राहून गृहपाठाबद्दल विचारलं आणि मागे खसखस पिकली. बाईंनी उत्तर दिलं ते इंग्रजीत, तेही माझ्याकडे बघून. परतताना रिक्षात लेक म्हणाली, "आई, तू शाळेत मराठी बोलू नकोस ना." तेव्हापासून ही शाळेत गप्पच असते. लेकीचं पोलिशही बंद झालंय. आईनं काही विचारलं की उत्तर मराठीत. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिकडची आजी नुसती नातीच्या तोंडाकडे बघत बसते.

लोक वाईट नाहीत. हळदीकुंकवाला आवर्जून बोलावतात. फक्त बाकीच्या सतरंजीवर आणि हिला खुर्ची. वयस्कर कुणी भेटलं की इथल्या जवळच्या वळिवडे गावाची गोष्ट ठरलेली: १९४३ ते १९४८, महायुद्धातल्या निर्वासितांच्या छावणीत पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसं. महावीर उद्यानातला त्यांचा स्मृतिस्तंभ दाखवायला तिला आजवर तिघांनी वेगवेगळं नेलंय! सगळं प्रेमानंच. पण ती माणसं निर्वासित होती, पाहुणी होती. ही सून म्हणून आलीय, हे कुणाच्या लक्षातच राहत नाही.

कुणाच्या घरी असं झालंय का? बाईंशी मी बोलावं, की मी मधे पडलो की पुन्हा नवऱ्याकडे बघूनच उत्तरं मिळणार? लेकीला एकदा रागावून बघितलं. ती रडली आणि बायको माझ्यावरच चिडली. पोलिशचं काय करू? माझी आई म्हणते, "आधी मराठी-इंग्रजी नीट होऊ दे, तिसरी कशाला?" तिकडच्या आजीला मात्र पोलिशशिवाय काही येत नाही.

येत्या शनिवारी पुन्हा सभा आहे. ही म्हणतेय, "तूच जा."