मदत हवी आहे: टीव्हीचा आवाज मोठा, तरी आईला संवाद कळत नाहीत

मंडळी, ओटीटीवरचे सिनेमे आणि मालिका पाहताना माझ्या आईला बोलणं समजत नाही. आवाज वाढवून काही उपयोग होत नाही. सेटिंग, साउंडबार, हेडफोन की आणखी काही, नेमका कशाने फरक पडतो ते अनुभवावरून सांगा. दहा-बारा हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे, पण आधी कारण समजून घ्यायचंय. नाहीतर घरात एक नवा डबा येईल आणि आईचा प्रश्न जिथल्या तिथे राहील.

घर लालबागला, रस्त्याच्या अंगाला. खिडकीसमोर उड्डाणपूल, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत गाड्यांची घरघर चालूच. पंखा बंद करून मुंबईत बसता येत नाही. टीव्ही ४३ इंची, भिंतीला चिकटवून लावलाय, स्पीकर खालच्या बाजूला आहेत. आई समोर दिवाणावर बसते, सात-आठ फुटांवर. तिचं वय ७४.

कोडं असं की केबलवरच्या मालिका आणि बातम्या तिला नीट समजतात. त्याच टीव्हीवर, त्याच जागी बसून ॲपवरचा मराठी सिनेमा लावला की बोलणं हरवतं. परवा एका प्रसंगात मुलगा ओट्याकडे तोंड करून, आईकडे पाठ करून हळू आवाजात काहीतरी सांगत होता, बाहेर पाऊस, खाली व्हायोलिन. माझी आई पुढे वाकली, कानामागे हात धरला, आणि मग पडद्याकडे बघायचं सोडून माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली. पूर्वी ती “काय म्हणाला गं तो?” असं विचारायची आणि मी थांबवून सांगायचे. हल्ली विचारत नाही. आम्ही हसलो की हसते. मला हे बघवत नाही, म्हणून हा धागा काढला.

संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज चढवावा, तर पुढच्याच मिनिटाला पार्श्वसंगीत असं अंगावर येतं की शेजारच्या काकू भिंत ठोकतात. सगळा सिनेमा रिमोट हातात धरून बघावा लागतो.

सबटायटल्स लावा असं सगळेच सुचवतात. लावली. मराठी सिनेमा, खाली इंग्रजी ओळी! आई मराठी शाळेत शिकली, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. पडद्यावर मराठी अक्षरं दिसली तर तिचा निम्मा त्रास आजच्या आज संपेल. सिनेमा आपल्या भाषेतला, बघणारी माणसं आपली, आणि त्यांच्यासाठी लिहिलेली ओळ मात्र कुठेच नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आणखी एक. माझा मुलगा याच टीव्हीवर गेम खेळतो. त्याच्या गेममध्ये संगीत, संवाद आणि बाकीचे आवाज यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या आहेत, हवी ती सरकवून कमी-जास्त करायची. आईने ते पाहिलं आणि विचारलं, “मग सिनेमात का नाही देत असं?” मला उत्तर देता आलं नाही. कुणाला देता येत असेल तर नक्की द्या, मी तिला वाचून दाखवेन.

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात चौकशी केली. त्यांनी भला मोठा वूफर असलेला सेट दाखवला, म्हणाले घरात थिएटर होईल. मला थिएटर नकोय हो, माणसं बोलतात ते ऐकू यायला हवंय.

– लालबागची_लेक

वायरमन_भांडुप:

ताई, खिशात हात घालण्याआधी ॲपमधली भाषेची यादी उघडा. सिनेमा चालू असतानाच ती दिसते. त्यात “मराठी” आणि “मराठी ५.१” असे दोन पर्याय असतील तर साधं मराठी निवडा. ५.१ म्हणजे आवाजाचे सहा वेगळे प्रवाह: पुढचे डावा-उजवा, मधला, मागचे दोन आणि एक फक्त खर्जाचा. बोलणं जवळजवळ सगळं मधल्या प्रवाहात असतं. तुमच्या टीव्हीला मधला स्पीकर नाहीच. मग टीव्ही सगळे प्रवाह दोन बारक्या स्पीकरांत कोंबतो आणि संवाद संगीताखाली दबतो.

मग टीव्हीच्या साउंड मेनूत जा. “नाइट मोड”, “ऑटो व्हॉल्यूम” किंवा “व्हॉल्यूम लेव्हलिंग” असं काहीतरी असेल, कंपनीगणिक नाव बदलतं. ते चालू करा. मोठे आवाज खाली येतात, बारीक आवाज वर येतात, काकूंची भिंत वाचते. “सराउंड” नावाचं जे काही असेल ते बंद. बास कमी. “क्लिअर व्हॉइस” किंवा “स्पीच” असेल तर तेही लावून बघा.

भिंतीपलीकडचा:

नाइट मोडने सिनेमाची मजा जाते हो. दिग्दर्शकाने मुद्दाम शांतता ठेवलेली असते, ती भरून निघते.

वायरमन_भांडुप:

जाते थोडी. पण ज्या बाईंना वाक्यच कळत नाही त्यांना शांततेची मजा कुठून येणार? आधी वाक्य, मग बाकीचं.

मिक्सिंग_टेबल:

अंधेरीत साउंडच्या कामात आहे, म्हणून आईंच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे.

गेममध्ये आवाज खेळताना तयार होतो. तलवारीचा आवाज, पावसाचा आवाज, पात्राचं वाक्य, सगळ्यांच्या वेगळ्या फाइल्स असतात आणि मशीन त्या त्या क्षणी एकत्र वाजवतं. त्यामुळे प्रत्येकाला वेगळी पट्टी देणं सोपं. सिनेमा मात्र तुमच्यापर्यंत पोचतो तो शिजलेल्या भाजीसारखा, त्यातलं मीठ वेगळं काढता येत नाही.

पण आमच्याकडे, स्टुडिओत, संवाद, संगीत आणि इफेक्ट्स शेवटपर्यंत वेगवेगळे ठेवलेले असतात. ठेवावेच लागतात, कारण दुसऱ्या भाषेत डबिंग करायचं तर संवाद सोडून बाकी सगळा ट्रॅक द्यावा लागतो. म्हणजे वेगळा माल तयार आहे, तो घरापर्यंत वेगळा पोचवत नाहीत इतकंच. तांत्रिक मार्गही आहेत. एमपीईजी-एच आणि डॉल्बी एसी-४ या आवाज पाठवण्याच्या पद्धतींत प्रेक्षकाला फक्त संवाद वर करण्याची सोय देता येते. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने २०२३ मध्ये “डायलॉग बूस्ट” आणलं, तयार मिक्समधून (सगळे आवाज एकत्र केलेल्या ट्रॅकमधून) बोलणं ओळखून ते उचलायचं. सुरुवात मोजक्याच शीर्षकांपासून झाली. तुम्ही बघता त्या सिनेमाला आहे का, हे आवाजाच्या यादीत बघा.

केबल आणि ओटीटीतला फरक तुम्ही बरोबर पकडलाय. केबलवरची मालिका मुळात छोट्या स्पीकरसाठी, घरातल्या गोंगाटासाठी मिक्स होते. सगळं एका पातळीवर, संवाद सगळ्यात पुढे. सिनेमाचं मिक्स मोठ्या, शांत थिएटरमध्ये बसून होतं आणि घरासाठी वेगळं मिक्स करायला दर वेळी पैसे-वेळ मिळतोच असं नाही. ओटीटीचे स्वतःचे नियम असतात. नेटफ्लिक्सची अट संवादाची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएसच्या आसपास हवी अशी आहे (हे आवाजाची पातळी मोजायचं एकक, उणे आकडा जितका मोठा तितका आवाज खालचा). युरोपातल्या टीव्हीचा आर१२८ हा मापदंड संपूर्ण कार्यक्रमाची सरासरी उणे २३ ठेवायला सांगतो. संवाद खाली ठेवला की धमाक्याला वर भरपूर जागा उरते. थिएटरात ते छान लागतं, उड्डाणपुलासमोर नाही.

आणि एक कबूल करायला हवं, हल्ली अभिनयही पुटपुटता झालाय. आम्ही टेबलावर बसून ते वाक्य शंभरदा ऐकलेलं असतं, आम्हाला पाठ असतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचं काय होतं ते तपासायला कुणीतरी बाहेरचं माणूस बसवायला हवं. तुमच्या आईंसारखं.

कानगोष्टी:

सगळे टीव्हीबद्दल बोलताय, मी कानाबद्दल बोलते. वयाबरोबर ऐकणं कमी होतं ते आधी वरच्या पट्टीतलं. स, श, फ असे आवाज वरच्या पट्टीत असतात, स्वर खालच्या. त्यामुळे माणसाला आवाज येतो पण शब्द लागत नाही. “ऐकू येतं गं, कळत नाही” असं आई म्हणत असतील तर ते शंभर टक्के खरं आहे, त्या लक्ष देत नाहीत असं समजू नका. मागे संगीत किंवा पंखा असला की त्रास आणखी वाढतो, शांत खोलीत समोरासमोर बोललात तर त्याच आईंना सगळं कळेल.

म्हणून एकदा तपासणी करून घ्या. मुंबईत वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासूनची. माझ्या सासूबाईंची तपासणी तिथेच झाली. “मी काय बहिरी आहे का?” म्हणून त्या वर्षभर टाळत होत्या. चष्म्याचा नंबर काढतो तसाच कानाचाही आलेख काढतात, असं सांगितल्यावर तयार झाल्या.

सोनार_गल्ली:

साउंडबार घेणार असाल तर डब्यावरचा आकडा वाचा. २.१ म्हणजे डावा, उजवा आणि वूफर, यात बोलण्यासाठी वेगळा स्पीकर नाही. ३.१ मध्ये मधला स्पीकर असतो आणि त्याची पातळी रिमोटवरून वेगळी वाढवता येते का, ते दुकानातच दाखवायला सांगा. तशी सोय असेल तर ५.१ ट्रॅकसुद्धा उपयोगी पडतो, कारण बोलणं जिथून यायला हवं तिथूनच येतं. दहा बाय बाराच्या खोलीत मोठा वूफर घेऊ नका. खर्ज भिंतींत घुमतो आणि संवाद आणखी गढूळ होतो. लॅमिंग्टन रोडला नाही म्हणायला शिका.

साउंडबार टीव्हीमागे एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टात लावायचा, टीव्हीचा आवाज त्यातूनच बाहेर येतो, आणि असं पोर्ट साधारण एकच असतं. मुलाचं कन्सोल त्यातच खोचलेलं असेल तर ते दुसऱ्यात लावा.

चाळकरी:

सबटायटल्सच्या मुद्द्यावर. हिंदी गाण्याखाली हिंदीतच ओळी दाखवायच्या, ही कल्पना आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारींनी १९९६ मध्ये मांडली. पुढे दूरदर्शनच्या “चित्रहार” आणि “रंगोली”त ती वापरली गेली. हेतू साक्षरतेचा होता, पण फायदा कमी ऐकू येणाऱ्यांनाही होतोच. आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याच्या कलम ४२ मध्ये दृक्श्राव्य माध्यमांतला मजकूर सगळ्यांना घेता यावा, त्यासाठी सबटायटल्स, सांकेतिक भाषा वगैरे सोय व्हावी, असं स्पष्ट लिहिलंय. ॲपच्या मदत विभागात मराठी सबटायटल्सची मागणी लिहून पाठवा, कलमाचा उल्लेख करून. एकाने पाठवून काही होणार नाही, या धाग्यावरच्या सगळ्यांनी पाठवा. मी आजच पाठवतो.

लालबागची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. मिक्सिंग_टेबल दादा, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. स्टुडिओत संवाद वेगळे ठेवलेले असतात, हे ऐकून ती म्हणाली, “मग पाठवा ना इकडे.”

केलं ते असं. ॲपमध्ये ५.१ च निवडलेलं होतं, साधं मराठी केलं. नाइट मोड चालू, सराउंड बंद, बास खाली. फरक चांगलाच पडला. परवाचाच सिनेमा पुन्हा लावला तर ओट्याजवळचं ते वाक्य आईला जवळजवळ पूर्ण कळलं, शेवटचे दोन शब्द सोडून. रिमोटला हात लावावा लागला नाही. म्हणजे निम्मं काम फुकटात झालं. भिंतीपलीकडच्या दादा, मजेचा मुद्दा मान्य आहे. मी एकटी बघेन तेव्हा नाइट मोड काढेन.

कन्सोल खरंच एआरसीच्या पोर्टात होतं, मुलाने हलवलं. मराठी सबटायटल्सची मागणीही पाठवली. हिंदी सिनेमांसाठी हिंदी ओळी मिळाल्या तरी आईला देवनागरी वाचता येईल, तेही लिहिलंय.

वांद्र्याला जायला आई अजून तयार नाही. कानाच्या आलेखाचं चष्म्याच्या नंबरावरून समजावलं, तेव्हा निदान “बघू” म्हणाली. आमच्याकडे बघू म्हणजे पुढच्या महिन्यात.

आता उरलेला प्रश्न. मुलाचा ब्लूटूथ हेडफोन आईला लावून पाहिला. शब्द एकदम स्वच्छ, चेहरा खुलला, पण ओठ आणि आवाज जुळत नाहीत, बोलणं किंचित मागून येतं. शिवाय तो जोडला की टीव्हीचे स्पीकर बंद होतात, बाकीच्यांनी काय ऐकायचं? आणि सगळ्यांसोबत बसूनच बघण्यात तिला आनंद आहे, एकटीला कोपऱ्यात बसवायचं नाहीये.

वायरमन_भांडुप:

ब्लूटूथमध्ये तो उशीर असतोच, कोडेकप्रमाणे (आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीप्रमाणे) कमी-जास्त. टीव्हीतली “एव्ही सिंक” पट्टी साधारणपणे आवाज आणखी मागे ढकलते, पुढे आणत नाही, त्यामुळे तिच्यात वेळ घालवू नका. टीव्हीसाठी मिळणारे रेडिओ लहरींवरचे वायरलेस हेडफोन बघा, छोट्या स्टँडसकट येतात. त्यात उशीर जाणवत नाही. स्टँड टीव्हीच्या ऑप्टिकल पोर्टला (प्रकाशाच्या तारेने आवाज बाहेर देणाऱ्या) जोडायचा. बऱ्याच टीव्हींमध्ये ऑप्टिकल चालू असताना स्पीकरही चालू ठेवता येतात, हेडफोनच्या खोबणीत पिन घातली तर बहुधा बंद होतात. म्हणजे आईंचा आवाज त्यांच्या कानात त्यांच्या पातळीवर, तुमचा टीव्हीतून तुमच्या पातळीवर, सगळे एकाच दिवाणावर. घेण्याआधी टीव्हीमागे ऑप्टिकल आहे का, आणि स्टँडला ऑप्टिकलची जागा आहे का, दोन्ही बघा. काही स्वस्त स्टँडना ती नसते.

लालबागची_लेक:

मागे बघितलं, ऑप्टिकल आहे, रबरी टोपणसुद्धा अजून काढलेलं नाही. सेटिंगमध्ये “टीव्ही स्पीकर + ऑप्टिकल” असा पर्यायही दिसतोय. साउंडबारचा विचार सध्या बाजूला ठेवते. कुणी असा हेडफोन घरातल्या वयस्कर माणसासाठी घेतला असेल तर एवढंच सांगा: दोन-अडीच तास कानावर जड होतो का, आणि चष्म्याच्या काड्यांवर दाबतो का? आईचा चष्मा जाड काड्यांचा आहे.