अडीच वर्षांची मुलगी आंघोळीला घाबरते, बोअरचे पाणी क्षाराचे आहे, काय करावे?

प्रश्न : परभणीची आई

नमस्कार. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे आणि दिवाळीपासून तिने आंघोळीची एवढी धास्ती घेतली आहे की न्हाणीत बादली सरकवल्याचा आवाज जरी आला, तरी ती धान्याच्या कोठीमागे जाऊन बसते. याचे कारण मला ठाऊक आहे आणि ते लिहिताना वाईट वाटते. दिवाळीच्या पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नान घालताना मी घाईघाईत तिच्या डोक्यावर भरलेला तांब्या एकदम ओतला. पाणी नाकातोंडात गेले, उटणे डोळ्यांत गेले, आणि तिचा श्वास कोंडला. तेव्हापासून सासूबाई तिला धरून ठेवतात, मी पाणी घालते, आणि आंघोळ संपते तेव्हा आम्हा दोघींचेही हातपाय कापत असतात.

दुसरी अडचण पाण्याची आहे. नळाला बऱ्याच दिवसांच्या अंतराने पाणी येते, ते पिण्यासाठी भरून ठेवावे लागते, आणि वापरायला बोअरचेच पाणी उरते. ते इतके क्षाराचे आहे की बादलीला आतून पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, आणि थंडी सुरू झाल्यापासून मुलीच्या पोटऱ्या आणि गुडघ्यांमागची कातडी खरखरीत होऊन ती झोपेतही खाजवत असते. सासूबाईंचे म्हणणे असे, की पाणी चांगले कढत असावे म्हणजे अंग मोकळे होते आणि मूल गाढ झोपते, शिवाय रोज डाळीच्या पिठाने अंग घासून काढावे. त्यांनी चार मुले वाढवली आहेत, त्यामुळे त्यांचा शब्द मोडवत नाही. पण मुलीचे लाल झालेले अंगही पाहवत नाही. शेजारच्या काकूंनी पाण्यात तुरटी फिरवायला सांगितले आहे. मूल शांतपणे आंघोळ करील आणि त्याची कातडीही जपली जाईल, असा काही क्रम आपण घरी बसवला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : लातूरची आजी

ताई, आधी मुलीच्या धास्तीबद्दल लिहिते, कारण ती गेल्याशिवाय बाकीचे काही जमणार नाही. तिला धरून आंघोळ घालणे आजपासून बंद करा. आठ दिवस डोक्यावर पाणी घालूच नका. न्हाणीत पाट मांडा, तिला त्यावर बसवा आणि तिच्या हातात मावेल असे एक छोटे फुलपात्र द्या. पहिले पाणी तिने स्वतः स्वतःच्या पायांवर घालावे. मग तिला विचारून तुम्ही घाला, तेही पायांपासून वर चढत : पावले, गुडघे, मांड्या, मग पाठ. प्रत्येक वेळी "आता पाठीवर घालते हं" असे सांगून, ती अंग आवरून बसली की मगच घालावे. मुले बहुतेक वेळा पाण्याला घाबरत नाहीत, अवचित अंगावर येणाऱ्या पाण्याला घाबरतात.

पाणी घालण्याचीही एक रीत आहे. तांब्या उंचावरून उपडा करायचा नसतो. त्याचा काठ मुलाच्या खांद्याजवळ नेऊन धार अंगाला लागूनच सोडायची असते. बाळंतिणीच्या घरी न्हाऊ घालायला येणाऱ्या बायका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्या पाटावर बसून पाय लांब करीत आणि बाळाला नडग्यांवर घेत, म्हणजे बाळाला आईच्या कुशीसारखा आधार मिळे आणि पाणी न साचता दोन्ही बाजूंनी वाहून जाई. डोके धुताना त्या डाव्या हाताचा तळवा बाळाच्या कपाळावर भुवयांच्या वर आडवा घट्ट टेकवीत, आणि बोटे किंचित वळवून त्याची अशी पन्हाळ करीत की वरून आलेली धार डोळ्यांकडे न येता कानशिलावरून मागे जाई. ही पन्हाळ आधी स्वतःच्या कपाळावर करून पाहा. तळवा थोडाही उचलला गेला, तर पाणी लगेच डोळ्यांत येते, हे तुमच्याच लक्षात येईल.

विसण घालताना (आमच्याकडे इसण म्हणतात) बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग त्यात कढत पाणी मिसळावे, हाताने तळापर्यंत ढवळावे आणि कोपर बुडवून पाहावे. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या तळहाताला चटक्याची सवय झालेली असते, म्हणून बोटांवर भरवसा ठेवू नये.

पाणी कमी आहे याची खंतही बाळगू नका. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात माझा नातू दीड वर्षाचा होता. आम्ही त्याला घंगाळात बसवून पाच-सहा लिटर पाण्यात आंघोळ घालत होतो आणि तेच पाणी पुढे तुळशीला आणि अंगणातल्या कढीपत्त्याला घालत होतो. मुलाला निवांत वाटायला भरपूर पाणी लागत नाही. घालणाऱ्याला घाई नसावी लागते.

उत्तर : बालरुग्ण विभागातील परिचारिका, छत्रपती संभाजीनगर

वर आजींनी सांगितलेली रीत अगदी योग्य आहे. मी कातडी आणि पाणी यांबद्दल लिहिते.

आपल्या सासूबाईंचा अनुभव अर्धा बरोबर आहे. संध्याकाळी कोमट पाण्याने आंघोळ केली की कातडीकडे रक्त वाढते, नंतर शरीराची उष्णता हळूहळू बाहेर पडते, आणि त्या उतरत्या उष्णतेबरोबर झोप चांगली लागते. मात्र त्यासाठी पाणी कढत असण्याची गरज नाही. लहान मुलासाठी ३७ ते ३८ अंश सेल्सियस, म्हणजे अंगाच्या उबेइतके किंवा किंचित जास्त ऊन पाणी पुरेसे असते. त्याहून गरम पाणी कातडीतील स्निग्धता धुऊन नेते, आणि ज्या मुलाला आधीच खाज आहे त्याची खाज रात्री आणखी वाढते. सासूबाईंना "तुमचे चुकते" असे म्हणण्याऐवजी, झोपेसाठी आंघोळ संध्याकाळी घालू या, असे सुचवून पाहा.

अपघाताबद्दलही सांगायला हवे, कारण आमच्या विभागात थंडीच्या दिवसांत भाजलेली मुले येतात. ६० अंशांच्या पाण्याने लहान मुलाची कोवळी कातडी काही सेकंदांत भाजते. गिझर असेल तर तो ५० अंशांच्या खालीच ठेवावा. बादलीत टाकायचा हीटर असेल, तर तो बंद करून, प्लग काढून, बाहेर उचलून ठेवल्याशिवाय मुलाला न्हाणीत आणू नये. एवढे करूनही भाजलेच, तर त्या जागेवर साधे गार वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये आणि दवाखाना गाठावा. तसेच मूल घंगाळात किंवा टबात बसलेले असताना फोन वाजला किंवा दारावर कुणी आले, तरी त्याला एकटे सोडून उठू नये. चार बोटे पाण्यातही लहान मूल बुडू शकते.

आता बोअरचे पाणी. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून एक न विरघळणारा चिकट साका तयार करतात. फेस न येण्याचे कारण तेच. हा साका कातडीवर राहतो आणि फेस येईना म्हणून आपण आणखी साबण चोळतो, त्यामुळे त्रास दुपटीने वाढतो. तुरटीने गढूळ पाण्यातील माती तळाशी बसते, पण क्षार कमी होत नाहीत. त्यापेक्षा पाणी चांगले उकळू द्यावे आणि निवत ठेवावे. काही क्षार पांढऱ्या थराच्या रूपाने भांड्याला धरतात किंवा तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी अलगद ओतून घ्यावे. सगळी आंघोळ अशा पाण्याने जमली नाही, तरी शेवटचे दोन तांबे या पाण्याचे, किंवा साठवलेल्या नळाच्या पाण्याचे, घालावेत. पावसाचे पाणी मुळातच मऊ असते. पहिल्या एक-दोन पावसांत छत धुऊन गेल्यावर पागोळीचे पाणी गाळून झाकून ठेवले, तर आंघोळीसाठी ते उत्तम.

साबण रोज सर्वांगाला लावण्याची आवश्यकता नाही. नेहमीच्या साबणाच्या वडीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कता मोजण्याचे माप) ९ ते १० च्या आसपास असतो, तर निरोगी कातडी साधारण ५.५ वर असते. काखा, जांघा, मानेच्या वळ्या, हातपाय एवढ्याच ठिकाणी सौम्य, बिनवासाचा साबण वापरावा. डाळीचे पीठ खाज असेपर्यंत पूर्ण बंद ठेवावे. ते ओले असताना मऊ लागते, पण घासताना वाळले की त्याचे कण कातडीवर ओरखडतात. जंतुनाशक औषधाचे थेंबही रोजच्या पाण्यात टाकू नयेत.

आंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटोपावी. अंग खसाखसा न पुसता जुन्या मऊ धोतराच्या धडप्याने टिपून घ्यावे, आणि कातडी दमट असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचे मॉइश्चरायझर किंवा साधे पेट्रोलियम जेली भरपूर लावावे. एवढे करूनही कातडीला भेगा पडल्या, त्यातून पाणी येऊ लागले, पिवळसर खपल्या धरल्या किंवा ताप आला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवण्यास उशीर करू नये.

उत्तर : नांदेडचा एक बाबा

आमच्या मुलालाही डोके धुण्याची अशीच भीती होती. आजींचा मान राखून एक गोष्ट वेगळी सांगतो : आठ दिवस डोके पूर्ण कोरडे ठेवणे आम्हाला जमले नाही, कारण तो दिवसभर मातीत खेळत असे. म्हणून आम्ही ओला रुमाल पिळून केसांवरून फिरवत होतो आणि आम्ही काय करतो आहोत हे त्याला आरशात दाखवत होतो. नंतर तो रुमाल घडी करून त्याच्याच हाताने डोळ्यांवर धरायला दिला आणि न्हाणीच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात एका पोपटाचे चित्र चिकटवले. पोपट बघायला मान वर झाली की पाणी आपोआप मागे जाते. किती तांबे घालणार हे आधी सांगायचे, तीन म्हटले तर तीनच, चौथा घालायचा नाही, हेही आम्ही कसोशीने पाळले. एकदा शॅम्पू राहिला म्हणून मी चौथा घातला आणि पुढचे चार दिवस तो माझ्या हाताने आंघोळ करायला तयार झाला नाही.

प्रश्नकर्ती : परभणीची आई

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. तीन आठवडे झाले. पहिले चार दिवस मुलीने फक्त पावले भिजवली आणि मी अंग ओल्या पंचाने पुसून घेतले. पाचव्या दिवशी तिने स्वतः फुलपात्र भरून आधी माझ्या पायांवर पाणी घातले, "आता पायावर हं" असे मला बजावून. आता आंघोळ संध्याकाळी सहाच्या सुमारास, दिवेलागणीपूर्वी होते. सासूबाईंना झोपेचे कारण पटले आणि विसण त्याच घालतात, कोपर बुडवून. काल डोकेही धुतले. कपाळावरची पन्हाळ माझ्याकडून नीट धरली जात नव्हती, म्हणून सासूबाईंनी स्वतः हात धरला. त्यांना ती रीत आधीपासून येत होती, मी कधी विचारलेच नव्हते. मुलगी थोडी कुरकुरली, पण कोठीमागे गेली नाही. पोटऱ्यांचा खरखरीतपणा निम्म्याने कमी आहे.

एकच शंका उरली आहे. सासूबाई आंघोळीआधी घाण्याच्या करडईच्या तेलाने मालिश करतात. ते चालू ठेवावे काय?

उत्तर : बालरुग्ण विभागातील परिचारिका, छत्रपती संभाजीनगर

वाचून फार आनंद झाला. मालिश अवश्य चालू ठेवावी. हात हलका असावा आणि तेल कोमट असावे. मुलीची कातडी पूर्ण बरी होईपर्यंत करडईऐवजी शुद्ध खोबरेल तेल वापरून पाहावे, मोहरीचे तेल मात्र टाळावे. नाकात, कानात तेल सोडू नये. तेल साबणाने घासून काढण्याचा आग्रहही धरू नये, थोडे अंगावर राहिलेले चांगलेच. आणि तेलकट पायांनी तिला न्हाणीच्या फरशीवर चालू देऊ नका, उचलून पाटावर बसवा.