प्रतिसाद: नुसत्या एलसी५० वर जाऊ नका

ज्या लेखाला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटलंय की माशांवरच्या चाचणीत एलसी५०, म्हणजे निम्मे मासे मरतील इतकं रसायनाचं पाण्यातलं प्रमाण, जास्त आली की रसायन निर्धोक. इतकं सोपं असतं तर गिधाडं वाचली असती! डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक माणसं सर्रास घेतात, गुरांनाही मानवलं. पण इंजेक्शन दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होऊन आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर साचायचा. हे २००४ मध्ये उघड झालं, २००६ मध्ये गुरांसाठी बंदी आली. मग पर्याय म्हणून अ‍ॅसिक्लोफेनॅक. ते गाईच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनतं (घ्या!). गुरांसाठी त्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक मात्र आधी गिधाडांवरच तपासलं होतं, म्हणून त्याचा भरवसा.