मदत हवी आहे: पोळी-भाजी केंद्र चालतंय, पण महिनाअखेर पैसे कुठे जातात?

वाफाळती_पोळी
डोंबिवली पूर्वेला स्टेशनपासून पाचेक मिनिटांवर आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. महिन्याचे २६ दिवस चालू, रविवारी बंद. रोजच्या ५०० घडीच्या पोळ्या (१० रुपये नग) आणि दोन भाज्या मिळून १०० पाकिटं (१५० ग्रॅम, ४० रुपये). म्हणजे दिवसाला ९,००० आणि महिन्याला २,३४,००० रुपये.

महिन्याचा खर्च असा: कणीक १५,६००, भाजी-किराणा ३९,०००, तेल ६,०००, गॅस १७,००० (१९ किलोचे १० सिलिंडर), पोळ्यांची मजुरी २६,००० (पोळीमागे २ रुपये), भाजीच्या मावशी १८,०००, मदतनीस १२,०००, भाडं २५,०००, वीज ४,०००, पॅकिंग ८,०००. एकूण १,७०,६००.

हिशोबाने ६३,४०० उरायला हवेत. प्रत्यक्षात २० हजार उरतात. पोळीचा गोळा लहान करावा असं घरचे म्हणतात. जाणकारांनी सांगावं.

रोजमेळ
गोळ्याला हात लावू नका. रोज १५ किलो कणीक लागते, त्यातली किलोभर पिठीत जाते असं धरू. उरलेल्या १४ किलोत पाणी आणि तेल जाऊन साधारण २३ किलो गोळा होतो, म्हणजे पोळीमागे ४६ ग्रॅम. तो ४० वर आणलात तर दिवसाला दोन किलोच्या आत कणीक वाचेल, महिन्याला २,००० रुपये. पोळी बारीक झालेली मात्र गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी कळते.

खरी गोम दुसरीकडे आहे. खर्च तुम्ही बिलांवरून लिहिलाय, म्हणजे तो खरा. विक्री मात्र बनवलेल्या मालावरून मांडली आहे. ५०० लाटल्या, पण विकल्या किती? भाजी जास्त वाढली जाते, माल वाया जातो, हे सगळं खर्चाच्या बिलांत आलेलंच आहे, त्याने ४३ हजारांचा फरक पडणार नाही. तो पडतो तो दोनच कारणांनी: माल विकलाच गेला नाही, किंवा विकला पण पैसा गल्ल्यात राहिला नाही.

दोन आठवडे एवढंच करा. वहीत दिवसाला एक ओळ: लाटलेल्या पोळ्या, उरलेल्या पोळ्या, दोन्ही भाज्यांची उरलेली पाकिटं, आणि कुठली गोष्ट किती वाजता संपली. हा शेवटचा रकाना लोक लिहीत नाहीत. मेथी साडेसातलाच संपली आणि नऊपर्यंत लोक विचारत राहिले, तर तेही नुकसानच, पण ते कुठल्याच बिलात दिसत नाही.

वाफाळती_पोळी
नोंदी केल्या. सरासरी रोज ६८ पोळ्या आणि १४ पाकिटं उरतात. सोमवारी आणि गुरुवारी जास्त. सुकी भाजी साधारण आठला संपते, उरते ती रस्सा किंवा उसळ.

रोजमेळ
६८ × १० × २६ = १७,६८०. १४ × ४० × २६ = १४,५६०. झाले ३२,२४०. राहिलेले अकरा हजार गल्ल्यातून परस्पर घरखर्चाला जात असतील किंवा डबेवाल्या गिऱ्हाइकांची उधारी दर महिन्याला वाढत असेल. उधारी नुसती असली तर महिन्याच्या शिलकीत फरक पडत नाही, वाढली तरच पडतो. त्यामुळे १ तारखेची आणि ३० तारखेची येणी शेजारी-शेजारी लिहा. घरासाठी महिन्याची एक रक्कम ठरवून एकदाच काढा, रोज गल्ल्यात हात नको.

आता हुरळून जाऊ नका. उरलेला माल बंद केला म्हणून ३२ हजार हाती येणार नाहीत, ते उत्पन्न मुळात नव्हतंच. वाचेल तो फक्त त्या मालाचा खर्च: पोळीमागे कणीक १.२०, मजुरी २ आणि तेल-गॅस धरून चारेक रुपये, पाकिटामागे साधारण १७. सगळं मिळून १३ हजार, आणि उरणं शून्यावर येत नाही, तेव्हा निम्मे धरा. सुकी भाजी आठनंतर विकता आली तर ते जास्त मोलाचं, कारण तिथे पाकिटामागे २० रुपयांहून जास्त सुटतात. रश्श्याची १५ पाकिटं कमी, सुकीची १० जास्त, इथून सुरुवात करा.

चूल_बंब
पोळ्यांबद्दल. सगळी कणीक एकदम मळू नका, चार-चार किलोचे घाणे करा, प्रत्येक घाणा वीस-पंचवीस मिनिटं मुरू द्या. शेवटचा घाणा साडेसातनंतर, आणि त्यातून मागणी येईल तशाच लाटायच्या. मळलेली कणीक झाकून फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळी पहिल्या घाण्यात मिसळता येते, भाजलेली पोळी परत येत नाही. दोनतीन तासांत काळपट पडायला लागली तर फ्रिज नीट गार होत नाहीये.

उरण्याचं आणखी एक कारण असतं, ते तपासा: पोळ्या तव्यावरून थेट प्लास्टिकमध्ये जातात का? वाफ कोंडते, खालच्या चार पोळ्या ओल्या होतात, वरच्या वातड. जाळीवर तीन-चार मिनिटं पसरा, मग सुती फडक्यात, मग पाकिटात. मंद आचेवर भाजली तर पोळी फुगायच्या आधीच वाळते, म्हणून तवा नीट तापवून मोठ्या आचेवर, पटकन.

भाजी डावाने वाढत असाल तर एकच डाव दोन्ही भाज्यांना वापरू नका. डावभर उसळ आणि डावभर कोबी यांचं वजन सारखं नसतं. १५ किलो भाजीची १०० पाकिटं व्हायला हवीत. ८५ झाली तर पाकिटात १७५ ग्रॅम चाललेत.

गॅस: दहा सिलिंडर म्हणजे दिवसाला ७ किलोच्या वर. सिलिंडर काट्यावर ठेवून सकाळ-संध्याकाळ वजन लिहा (रिकाम्याचं वजन त्यावर कोरलेलं असतं). ज्योत तव्याच्या बाहेर येते का आणि पिवळी आहे का ते बघा. पिवळी असेल तर बर्नरची भोकं तुंबलीत, पातेल्याचे बूडही काळे होत असतील. दुपारी सिलिंडरवर दव किंवा बर्फ धरतो आणि आच बसते, तेव्हा गॅस संपलेला नसतो. एका सिलिंडरवर जास्त बर्नर चालल्याने तो गार पडून दाब कमी होतो. दोन सिलिंडर जोडून घ्या, अर्धवट परत करू नका.

कागदपत्र_काका
ताई, एक गोष्ट कोणी बोललं नाही. खरी विक्री धरली तरी वर्षाला २४ लाखांच्या आसपास जाते. शिजवलेलं अन्न पार्सल देणं ही कायद्याने सेवा आहे. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवेला २० लाख आहे. ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना, दुकानदार मंडळी ती ऐकून गप्प बसतात. नेहमीची नोंदणी घेतली तर ५ टक्के, खरेदीवरच्या कराची वजावट नाही. कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची सोपी करयोजना) घेतली तरी ५ टक्केच, पण गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. म्हणजे महिन्याला साधारण दहा हजार. दर ठरवताना हे आधी धरा, लवकर सीएला भेटा.

वाफाळती_पोळी
सगळ्यांचे आभार. एकच अडचण: पोळ्यांच्या मावशींना नगावर मजुरी आहे, त्या कमी लाटायला तयार होणार नाहीत. रोटी मशीन घेऊ का?

चूल_बंब
मशीनने घडीची पोळी होत नाही, फुलका होतो. गिऱ्हाईक घडीच्या पोळीसाठी येतं. नको.

रोजमेळ
मावशींचा रोज तोडू नका. ४५० पोळ्यांची हमी द्या: कमी लाटल्या तरी ९०० रुपये सगळ्यांत मिळून, त्यावर प्रत्येक पोळीला २ रुपये, पण साडेसातनंतर फक्त मागणीवर. आज काय उरलं ते मावशींनाच फळ्यावर लिहायला सांगा. सोमवार-गुरुवारी (उपासामुळे असेल) पहिला घाणाच अडीच किलोचा करा आणि भगर-आमटी ठेवून बघा. सध्या वीसच पाकिटं, आणि तीही सकाळी दहापर्यंत फोनवर नोंदवलेलीच.