ऑप्शनमध्ये तोटा होऊनही लोक परत का येतात? एम.ए.च्या प्रबंधासाठी मदत हवी

मिरजकर_एमए

नमस्कार मंडळी. अर्थशास्त्रात एम.ए. दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय वरच्या मथळ्यातलाच.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे तिन्ही अहवाल वाचून झालेत. पहिल्यात २०२१-२२ साली एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन, म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरचे सौदे) करणाऱ्या शंभर सामान्य माणसांतली ८९ तोट्यात. सप्टेंबर २०२४ च्या अहवालात तीन वर्षांचा हिशोब आहे: एक कोटीहून जास्त लोक, त्यांतले ९३ टक्के तोट्यात, एकूण गेले १.८ लाख कोटींच्या वर. जुलै २०२५ च्या अहवालात २०२४-२५ या एकाच वर्षाचा तोटा १ लाख ५ हजार ६०३ कोटी.

मी अडलोय एका ओळीवर. सलग दोन वर्षं तोटा खाल्लेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून जास्त लोक पुढेही खेळत राहिले. मे २०२३ च्या परिपत्रकापासून ब्रोकरच्या अ‍ॅपवर लॉगिन केलं की ‘दहापैकी नऊ जण तोट्यात’ ही सूचना दाखवावी लागते. ती वाचूनही हे चालूच.

गाईड म्हणतात, प्रश्नावली काढ आणि ‘तुम्ही जोखीम का घेता’ असं विचार. त्यावर सगळे शहाण्यासारखीच उत्तरं देणार. मग विचारू काय? सांगली, मिरज, इचलकरंजी भागातले पन्नासेक लोक गाठता येतील.

निफ्टीवाला

सगळे तोट्यावरच प्रबंध लिहितात. दहातला तो एक कोण, ते शोध की!

आणि सेबीने केलं काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये बँकनिफ्टीची विकली (दर आठवड्याला संपणारे ऑप्शन) बंद, निफ्टीचा लॉट (एका सौद्याचं कमीत कमी माप) २५ चा ७५. ज्या पोराकडे एका लॉटपुरतेच पैसे होते त्याने खेळ सोडला नाही, उसने आणून तिप्पट लावले. हे पण लिही.

रिटर्नवाली_ताई

इचलकरंजीत रिटर्न भरून देण्याचं काम करते. पूर्वी माझ्याकडे यंत्रमागवाले, सूत-व्यापारी आणि शिक्षक यायचे. आताही तेच येतात, फक्त सोबत एफ अँड ओचं स्टेटमेंट आणतात. एफ अँड ओ केलं की तो धंदा धरला जातो, साधा पगारदारसुद्धा आयटीआर-३ मध्ये, म्हणजे धंदेवाल्यांच्या रिटर्न फॉर्ममध्ये जातो. हे त्यांना जुलैत कळतं.

तुझा प्रश्न मला उलटा वाटतो. ‘परत का येतात’ याच्या आधी विचार, की गेले किती हे त्यांना माहीत तरी आहे का?

यंदाचंच सांगते. माग चालवणाऱ्या घरातला मुलगा, पंचविशीचा. सवयीने विचारलं, अंदाजे किती गेले? म्हणाला, असतील चाळीसेक हजार. एक्सेल उघडली तर २ लाख ८० हजार. त्याच्या खालच्या तक्त्यात ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यांवरचा कर), जीएसटी, स्टँप ड्यूटी आणि एक्स्चेंजचे चार्जेस मिळून आणखी ३१ हजार. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली तर हा खिडकीबाहेर बघतोय. ‘ताई, आकडे नका दाखवू, सही कुठे करायची सांगा.’ मग मोबाईल काढून एक स्क्रीनशॉट दाखवला. कधीतरी एक्स्पायरीच्या (ऑप्शनची मुदत संपते त्या दिवसाच्या) दुपारी अठरा हजार सुटले होते, तो जपून ठेवलेला!

तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. पाच हजार, आठ हजार असे यूपीआयने टाकत गेला. मध्ये फायदा झाला तेव्हा काढून मोबाईल घेतला, तो त्याच्या लेखी कमाईत जमा. सुताच्या पेमेंटमधून वळवलेले पैसे ‘घरचे’, म्हणून ते तोट्यात धरलेच नव्हते. ब्रोकरेजबद्दल बोलले तर म्हणतो, ऑर्डरला वीस रुपयेच तर लागतात. सेबीच्याच अहवालात २०२३-२४ मध्ये माणशी सरासरी २६ हजार रुपये नुसत्या खर्चात गेल्याचं आहे, ते या वीस-वीस रुपयांतूनच आणि त्यासोबतच्या करांतून.

अशा माणसाला ‘दहापैकी नऊ’ दाखवून काय उपयोग? तो स्वतःला दहावा समजतो, कारण त्याच्या डोक्यात चाळीस हजारच आहेत आणि ते एका चांगल्या गुरुवारी भरून निघणार आहेत.

पगारदारांची आणखी एक तऱ्हा. तोटा दाखवला की पगारावरचा टॅक्स कमी होईल अशा आशेने येतात. धंद्यातला तोटा पगारातून वजा होत नाही. मुदतीत रिटर्न भरलं तर पुढच्या आठ वर्षांतल्या धंद्याच्या नफ्यातून वळता करता येतो. हे सांगितलं की डोळे चमकतात, ‘म्हणजे पुढे कमावलं तर तेवढ्यावर टॅक्स नाही?’ कायद्याने दिलेली सवलत परत खेळायला निमित्त होते. यावर कुणी संशोधन केलंय की नाही देव जाणे, पण तू दोन प्रश्न नक्की घाल.

उंटावरचा_शहाणा

ताईंनी टेबलावर पाहिलं ते जर्मनीत मोजून झालंय. ग्लेझर आणि वेबर या दोघांनी २००७ साली छापलेल्या अभ्यासात ऑनलाइन ब्रोकरच्या ग्राहकांना मागच्या काही वर्षांतला स्वतःचा परतावा विचारला आणि तो खात्यातल्या खऱ्या आकड्याशी ताडून पाहिला. दोहोंचा एकमेकांशी जवळपास संबंधच नव्हता. स्वतःचा निकालच ठाऊक नसेल तर माणूस अनुभवातून शिकणार कसा, हा त्यांचा मुद्दा.

सूचनेबद्दल: युरोपातल्या ‘एस्मा’ या नियामकाने २०१८ मध्ये सीएफडी (वस्तू न घेता नुसत्या भावातल्या फरकावरचे सौदे) विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला *तिच्याच* ग्राहकांपैकी किती टक्के खाती तोट्यात आहेत हे छापायला लावलं. आपल्याकडे सगळ्या ब्रोकरांची एकच सामायिक ओळ. तुलनेला चांगला धागा आहे.

निफ्टीवाला, दहाव्याचा शोधही झालाय. ब्राझीलमध्ये निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये तीनशेहून जास्त दिवस डे-ट्रेडिंग करत टिकलेल्यांतले ९७ टक्के तोट्यात गेले. बँकेच्या कॅशियरच्या सुरुवातीच्या पगारापेक्षा जास्त कमावणारे अर्धा टक्का. आणि आपल्याकडे २०२३-२४ मध्ये खर्च धरण्याआधीचा नफा कुणाला झाला? ब्रोकरांच्या प्रॉप डेस्कना (स्वतःच्याच पैशांवर सौदे करणाऱ्या विभागांना) ३३ हजार कोटी, परदेशी संस्थांना २८ हजार कोटी, त्यातला ९६-९७ टक्के अल्गोंनी, म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमनी कमावलेला. तुमचा दहावा माणूस बहुधा संगणक आहे.

दुसरी बाजूही बघ मात्र. तैवानमध्ये लॉटरीचं बक्षीस फुगलं की किरकोळ गुंतवणूकदारांच्या आवडत्या शेअरांतली उलाढाल घटते असं आढळलंय. म्हणजे काही लोकांना हिशोब कळूनही मजाच हवी असते. (आपला मटकाही मूळचा न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवरच लागायचा.)

निफ्टीवाला

संगणक म्हणा, काही म्हणा, मी काही स्टेटमेंट दाखवणार नाही.

मिरजकर_एमए

ताई, शहाणे सर, खूप आभार. मग असं करू का: आधी अंदाज लिहून घ्यायचा, मग अ‍ॅपमधलं वर्षाचं स्टेटमेंट उघडायला लावायचं आणि फरक मोजायचा? ताई, तुमच्याकडची नावं काढलेली स्टेटमेंट मिळतील का?

रिटर्नवाली_ताई

नाही मिळणार. नाव काढलं तरी इचलकरंजीत कोणाचं आहे ते दहा मिनिटांत कळतं. तुझं पत्रक मी टेबलावर ठेवेन, ज्याला वाटेल तो तुला फोन करेल.

आकडा तू बघूच नकोस. स्टेटमेंट त्यांनीच उघडायचं, ‘अंदाजाच्या निम्मा’, ‘जवळपास’, ‘दुप्पट’, ‘त्याहून जास्त’ यांपैकी एकावर खूण करायची. नाहीतर निफ्टीवाल्यांसारखे सगळे पळतील. नुसत्या स्टेटमेंटवरही थांबू नको. बँकेतून अ‍ॅपमध्ये गेले किती आणि परत आले किती, हे वेगळं विचार, कारण उसनवारी तिथेच दिसते. ज्यांनी खेळ सोडलाय तेही निदान दहा-बारा गाठ. फक्त चालू खेळाडू घेतलेस तर सोडणारे का सोडतात हे कधीच कळणार नाही. आणि हे सगळे माझ्यासारखीकडे येणारे, म्हणजे रिटर्न भरणारे आहेत. जे भरतच नाहीत ते तुला चहाच्या गाड्यावरच सापडतील.

मंगळवारी आणि गुरुवारी जाऊ नकोस. निफ्टी आणि सेन्सेक्सच्या एक्स्पायरीला साडेतीनपर्यंत तुझा फॉर्म कुणी हातात धरणार नाही, आणि साडेतीननंतर धरला तर त्यात काय लिहितील याचा भरवसा नाही.